पेअर्ड पल्स टीएमएस: एसआयसीआय दिसत नाही, हा आजार समजायचा की सेटअपचा दोष?

अक्षतंतू (प्रश्न)

एएलएसच्या (मोटर न्यूरॉन झिजवणाऱ्या आजाराच्या) रुग्णांमध्ये मोटर कॉर्टेक्सची, म्हणजे मेंदूच्या हालचाल चालवणाऱ्या भागाची, उत्तेजनशीलता टीएमएसने (डोक्यावर कॉइल धरून चुंबकीय पल्स देऊन) मोजायचा प्रोटोकॉल बसवतो आहोत. त्यात बघायचा तो एसआयसीआय: आधी दिलेल्या हलक्या पल्समुळे लगेच पुढच्या पल्सचा प्रतिसाद दबणं. सेटअप असा आहे: दोन मोनोफेजिक स्टिम्युलेटर कनेक्टिंग मॉड्यूलने जोडलेले, ७० मिमी फिगर-ऑफ-एट कॉइल, रेकॉर्डिंग एफडीआय (अंगठा-तर्जनीमधल्या) स्नायूवरून. रेस्टिंग मोटर थ्रेशोल्ड (आरएमटी) नेहमीच्या नियमाने, म्हणजे दहापैकी किमान पाच वेळा ५० मायक्रोव्होल्टचा एमईपी (पल्सला स्नायूचा विद्युत प्रतिसाद) देणारी सर्वांत कमी तीव्रता. कंडिशनिंग (पहिला) पल्स आरएमटीच्या ८० टक्के, टेस्ट (दुसरा) पल्स १२० टक्के. दोन पल्समधलं अंतर १, २, ३, १० आणि १५ मिलिसेकंद (मिसे). प्रत्येक अंतराला १० पल्स, आधी १ मिसेचा ब्लॉक, मग २ चा, अशा क्रमाने. ईएमजी (स्नायूची विद्युत नोंद) फिल्टर २० ते २००० हर्ट्झ, ५० हर्ट्झचा नॉच (विजेच्या लाइनची गुणगुण कापणारा फिल्टर) चालू, सॅम्पलिंग २ किलोहर्ट्झ.

रुग्णांमध्ये २ आणि ३ मिसेला कंडिशन्ड एमईपी टेस्टच्या ८५-९५ टक्के येतो, म्हणजे इनहिबिशन (दबणं) जवळजवळ नाहीच. एएलएसमध्ये हेच अपेक्षित, म्हणून सुरुवातीला बरं वाटलं. पण निरोगी गटातल्या काहींमध्येही ८० टक्क्यांच्या आसपास येतंय, तेव्हा शंका आली. काही रुग्णांमध्ये तर १०० टक्के आउटपुटलाही एमईपीच नाही. बहुतेक रुग्ण रिलुझोलवर (एएलएसचं औषध) आहेत, काही बॅक्लोफेन (स्नायू सैल करणारं) आणि क्लोनाझेपामवर.

विचारायचं एवढंच: रुग्णात इनहिबिशन खरंच कमी झालंय असं कोणत्या अटींवर म्हणायचं? टेस्ट पल्स १२० टक्क्यांवर ठेवायचा की १ मिलिव्होल्टवर? एमईपी नसलेल्यांचं काय करायचं? आणि थ्रेशोल्ड ट्रॅकिंगकडे वळण्यात अर्थ आहे का?

---

आय_वेव्ह

निरोगी लोकांमध्ये इनहिबिशन दिसत नाही तोवर रुग्णांच्या आकड्यांकडे बघूच नका. तुमच्या वर्णनात किमान तीन गोष्टी अशा आहेत ज्या एकेकट्याही एसआयसीआय खाऊन टाकू शकतात.

पहिली, कंडिशनिंग पल्स. आरएमटीच्या ८० टक्के हा आकडा निरुपद्रवी वाटतो, पण हिशोब करून बघा. आरएमटी ४५ असेल तर अॅक्टिव्ह थ्रेशोल्ड (एएमटी, स्नायू हलका आवळलेला असतानाचा) बहुधा ३६ ते ३८ असतो. ४५ चे ८० टक्के म्हणजे ३६. म्हणजे तुमचा 'सबथ्रेशोल्ड' पल्स एएमटीला टेकलेला आहे. कंडिशनिंग तीव्रता वाढवत नेली तर एसआयसीआयचा आलेख इंग्रजी यू अक्षरासारखा येतो: आधी इनहिबिशन वाढतं, एमईपी तळ गाठतो, आणि एएमटीच्या जवळ गेल्यावर इनहिबिशन पुन्हा कमी व्हायला लागतं, कारण तिथे फॅसिलिटेशन (प्रतिसाद वाढणं) मिसळतं. ज्यांचा एएमटी आरएमटीच्या मानाने खूप खाली आहे ते लोक ८० टक्क्यांवर त्या यूच्या चढत्या बाजूला असतात. तुमचे 'इनहिबिशन नसलेले' निरोगी लोक बहुधा हेच. त्यांना ५०, ६०, ७०, ८०, ९० टक्के आरएमटीची शिडी देऊन बघा, अंतर एकच ठेवा. ६० किंवा ७० ला एमईपी नीट दबलेला दिसला तर प्रश्न मिटला.

रुग्णांमध्येही हीच शिडी वापरा. एकाच तीव्रतेवर इनहिबिशन कमी दिसणं म्हणजे सर्किट कमकुवत झालं असेल, किंवा अख्खा यू डावीकडे-उजवीकडे सरकला असेल. या दोन्हींचे अर्थ वेगळे आहेत आणि एका बिंदूवरून ते सांगता येत नाहीत.

दुसरी गोष्ट, दोन पल्समधलं अंतर. शॉर्ट इंटरव्हल फॅसिलिटेशनची शिखरं सुमारे १.३, २.६ आणि ४.३ मिसेला असतात, आय-वेव्हच्या (एका पल्सने कॉर्टेक्सकडून एकामागून एक उतरणाऱ्या लहरींच्या) दीडएक मिसेच्या तालावर. कंडिशनिंग जरा जास्त झाली की २.५ ते ३ मिसेच्या पट्ट्यात फॅसिलिटेशन शिरतं आणि इनहिबिशन कमी वाटतं. २ मिसे दोन शिखरांमधल्या दरीत पडतं म्हणून सुरक्षित. १ मिसेचं इनहिबिशन वेगळ्या यंत्रणेचं आहे, त्यात अॅक्सॉनच्या (चेतातंतूच्या) रिफ्रॅक्टरी काळाचा, म्हणजे एकदा पेटल्यावर लगेच पुन्हा न पेटण्याच्या काळाचा, मोठा वाटा मानला जातो. त्यामुळे १ आणि ३ मिसेची सरसकट सरासरी काढून तिला 'गाबा-ए' (दाबणाऱ्या रसायनाच्या एका रिसेप्टरचं काम) म्हणू नका.

तिसरी, टेस्ट एमईपीचा आकार. माझ्या मते एएलएसमध्ये सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट हीच. कुजिराई आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ही पद्धत मांडली, आणि पुढे एपिड्युरल (मज्जारज्जूजवळ इलेक्ट्रोड ठेवून केलेल्या) रेकॉर्डिंगमधून कळलं की एसआयसीआय मुख्यतः उशिराच्या आय-वेव्ह दाबतो, आय-१ ला (पहिल्या लहरीला) जवळजवळ हात लावत नाही. टेस्ट एमईपी लहान असेल, समजा ०.२ मिलिव्होल्ट, तर तो बराचसा आय-१ वर उभा असतो. मग दबणार काय? रुग्णाचा स्नायू झिजलेला असल्यामुळे १२० टक्के आरएमटीवर त्याला ०.३ मिलिव्होल्ट मिळतात आणि निरोगी माणसाला दीड. तुलना सुरू होण्याआधीच तिरपी झाली.

म्हणून टेस्ट पल्स टक्क्यांवर न ठेवता एमईपीच्या आकारावर ठेवा. निरोगी गटात १ मिलिव्होल्ट. रुग्णांत १ मिलिव्होल्ट शक्य नसेल तर निरोगी गटातच दुसरा एक संच ०.३-०.५ मिलिव्होल्टवर घ्या म्हणजे सारख्याशी सारखं तोलता येईल. शिवाय अल्नर नर्व्हला मनगटावर सुप्रामॅक्सिमल शॉक देऊन एम-मॅक्स (नर्व्ह थेट उत्तेजित केल्यावर स्नायूचा सर्वांत मोठा प्रतिसाद) घ्या आणि टेस्ट एमईपी एम-मॅक्सच्या किती टक्के आहे ते प्रत्येकाचं लिहा. एम-मॅक्स ३ मिलिव्होल्ट असलेल्या हातात १ मिलिव्होल्टचा एमईपी म्हणजे शिल्लक मोटर न्यूरॉनच्या पूलचा तिसरा हिस्सा, तर १२ मिलिव्होल्टच्या हातात जेमतेम ८ टक्के. दोन्ही प्रकारे जुळवून निष्कर्ष तोच राहिला तरच तो टिकतो.

आता मॉड्यूलबद्दल. दोन स्टिम्युलेटर जोडल्यावर कॉइलपर्यंत पोहोचणारी ऊर्जा एकट्या स्टिम्युलेटरपेक्षा काहीशी कमी असते. काही ठिकाणी आरएमटी एका युनिटला थेट कॉइल लावून काढतात आणि मग मॉड्यूल जोडतात. असं केलं तर तुमचे ८० टक्के हे ८० टक्के नसतातच. थ्रेशोल्ड त्याच जोडणीतून, त्याच युनिटने काढा ज्याने तो पल्स पुढे द्यायचा आहे.

शंका असेल तर मोजून बघा, फार अवघड नाही. इन्सुलेटेड तारेचा २-३ सेंटिमीटर व्यासाचा एकच वेढा करून कॉइलच्या मध्यावर टेपने पक्का चिकटवा आणि १०एक्स प्रोबने ऑसिलोस्कोपला द्या. एका वेढ्यालाही काही व्होल्ट सहज मिळतात. टेस्ट पल्स एकटा सोडा, पहिल्या शिखराची उंची टिपा. मग कंडिशनिंगसह सोडा आणि टेस्टची उंची तीच राहते का बघा. दोन शिखरांमधलं अंतरही तिथेच मोजलं जाईल. सॉफ्टवेअरमध्ये २.० लिहिलंय म्हणून ते २.० असतंच असं नाही.

आणि ब्लॉक पद्धत आजच बंद करा. सगळी अंतरं आणि एकटा टेस्ट पल्स मिसळून, यादृच्छिक क्रमाने द्या. दोन ट्रायलमध्ये ५ ते ७ सेकंद, तेही ठरावीक नको. प्रत्येक स्थितीला २० ट्रायल, टेस्टला २५-३०. एमईपीची चढउतार एवढी असते की दहाच्या सरासरीवर कुणीही काहीही सिद्ध करेल.

---

सपाट_बेसलाइन

वरच्याला +१. पण मला आधी ईएमजीकडे बोट दाखवायचंय.

सॅम्पलिंग २ किलोहर्ट्झ आणि लो-पास २ किलोहर्ट्झ? १ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं खाली दुमडून तुमच्याच सिग्नलमध्ये येणार. सॅम्पलिंग ५ किलोहर्ट्झ तरी करा. नॉच बंद करा. स्टिम्युलसच्या आर्टिफॅक्टमुळे नॉच फिल्टर घंटेसारखा वाजत राहतो आणि ते लहरणं थेट एमईपीच्या खिडकीत उतरतं. ५० मायक्रोव्होल्टवर निर्णय घ्यायचा असताना हे परवडत नाही. ५० हर्ट्झचा त्रास असेल तर मुळाशी जा: त्वचा घासून इम्पीडन्स ५ किलोओहमच्या खाली आणा, ग्राउंड त्याच हातावर लावा, इलेक्ट्रोडच्या तारा एकमेकींत पिळून घ्या, कॉइलच्या केबलपासून लांब ठेवा आणि बेडची मोटर प्लगमधून काढा.

आता एएलएसचा खास त्रास, फॅसिक्युलेशन (स्नायूचं आपोआप फडफडणं). सॉफ्टवेअर १८ ते ४५ मिसेच्या खिडकीत पीक-टू-पीक मोजतं आणि त्याच खिडकीत एखादं फॅसिक्युलेशन पडलं की ते एमईपी म्हणून नोंदलं जातं. कंडिशन्ड ट्रायलमध्ये एमईपी खरोखर दबलेला असतो आणि त्या जागी ३०० मायक्रोव्होल्टचं फॅसिक्युलेशन मोजलं जातं. असे तीन-चार ट्रायल वीसात आले की तुमचं प्रमाण विनाकारण वर सरकतं. म्हणजे आजाराचं खालच्या (मज्जारज्जूतून स्नायूकडे जाणाऱ्या) न्यूरॉनचं लक्षण वरच्या (मेंदूतल्या) न्यूरॉनच्या खात्यात जमा.

यावर उपाय कंटाळवाणा आहे पण तोच आहे: प्रत्येक ट्रेस डोळ्यांनी बघायचा. ट्रेस एकावर एक ठेवले की खऱ्या एमईपीची सुरुवात मिसे-दीड मिसेच्या आत जुळते, फॅसिक्युलेशन कुठेही सुरू होतं. बघणाऱ्याला तो ट्रायल कंडिशन्ड आहे की टेस्ट हे दिसू देऊ नका, नाहीतर हात आपोआप हव्या त्या बाजूला झुकतो.

पल्सच्या आधीच्या १०० मिसेत आरएमएस (सिग्नलचा सरासरी जोर) काढा आणि २० मायक्रोव्होल्टच्या वर असलेले ट्रायल सरळ टाका. स्नायू थोडा जरी आवळलेला असेल तरी एसआयसीआय घटतो. निरोगी माणूस 'सैल सोडा' म्हटल्यावर सोडतो. स्पॅस्टिसिटी (स्नायूंचा ताठरपणा) असलेल्याला ते जमेलच असं नाही. हात उशीवर पालथा, कोपर साधारण ९०-१०० अंशांत, आणि ईएमजीचा आवाज स्पीकरवर. रुग्णाला स्वतःचा स्नायू ऐकू आला की तो लवकर सैल होतो.

हाताचं तापमानही बघा. थंड हातात एम-मॅक्स फुगतो आणि लेटन्सी (पल्सपासून प्रतिसादापर्यंतचा वेळ) लांबते. त्वचा ३२ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर आधी ऊब द्या.

---

पिरॅमिडल

औषधं आणि 'एमईपीच नाही' या दोन गोष्टींवर लिहितो. पद्धतीबद्दल वर पुरेसं आलंय.

क्लोनाझेपाम आणि इतर बेंझोडायझेपिन्स गाबा-ए रिसेप्टरवर काम करतात आणि एसआयसीआय वाढवतात. म्हणजे ते तुमच्या अपेक्षेच्या उलट दिशेला ढकलतील, खरी घट झाकतील. बॅक्लोफेन गाबा-बी वर, त्याचा परिणाम लांब अंतराच्या इनहिबिशनवर आणि सायलेंट पिरियडवर (एमईपीनंतर आवळलेला स्नायू शांत होतो तो काळ) शोधा. रिलुझोल एसआयसीआय अंशतः पूर्ववत करतं असं दिसलं आहे, पण तो परिणाम टिकून राहत नाही; त्यामुळे औषध सुरू होऊन किती आठवडे झाले हे लिहिणं 'हो/नाही' लिहिण्यापेक्षा महत्त्वाचं. सोडियम चॅनल अडवणारी औषधं, म्हणजे कार्बामाझेपिन, फेनिटॉइन वगैरे, आरएमटी वर नेतात आणि एसआयसीआयला फारसं हलवत नाहीत. शेवटचा डोस किती वाजता घेतला ते लिहा आणि सगळ्यांची तपासणी शक्यतो पुढच्या डोसच्या अगदी आधी करा. अभ्यासासाठी औषध थांबवायचा विचारही उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आणि एथिक्स कमिटीला बाजूला ठेवून करू नका. क्लोनाझेपाम अचानक तोडलं तर झटक्यांचा (फिट येण्याचा) धोका वाढतो, आणि तुम्ही वर डोक्यावर पल्स देणार.

एमईपी येत नाही तेव्हा क्रमाने जा.

आधी एम-मॅक्स. तोच अर्ध्या मिलिव्होल्टच्या खाली असेल तर त्या स्नायूला कॉर्टेक्सबद्दल काही विचारू नका, स्नायू बदला. एएलएसमध्ये हाताची झीज अंगठ्याकडच्या बाजूला जास्त होते, एपीबी (अंगठ्याचा स्नायू) आणि एफडीआय आधी जातात, एडीएम (करंगळीचा) मागे राहतो. तुम्ही निवडलेला एफडीआय हा नेमका लवकर झिजणाऱ्यांपैकी. एडीएमवर दुसरा चॅनल लावून ठेवा, फुकटात माहिती मिळते. पण एकाचा एफडीआय आणि दुसऱ्याचा एडीएम असं एकाच स्तंभात मात्र भरू नका.

एम-मॅक्स ठीक असेल तर हलकं आकुंचन करायला सांगा, कमाल जोराच्या १०-२० टक्के, आणि पुन्हा बघा. रेस्टला गप्प असलेला एमईपी आकुंचनात बऱ्याचदा येतो. लेटन्सी आणि सीएमसीटीसाठी (मेंदूपासून मज्जारज्जूतल्या मोटर न्यूरॉनपर्यंत आवेगाला लागणारा वेळ) तोच वापरायचा, कारण आकुंचनात लेटन्सी रेस्टपेक्षा दोनेक मिसे कमी असते. सीएमसीटीचं सूत्र तुम्हाला माहीत असेलच, तरी उदाहरण देतो. आकुंचनातल्या एमईपीची लेटन्सी २२.०, एफ-वेव्हची (मनगटाचा शॉक मज्जारज्जूपर्यंत जाऊन परत येतो तो प्रतिसाद) सर्वांत कमी लेटन्सी २८.०, एम ची (त्याच शॉकचा थेट प्रतिसाद) ३.६. परिघातला वेळ (२८.० + ३.६ − १) ÷ २ = १५.३. सीएमसीटी ६.७ मिसे. हातासाठी हे नॉर्मलमध्ये बसतं. एफ-वेव्ह वीस तरी घ्या. पाच-सहांत सर्वांत लवकरची सापडेलच असं नाही, आणि एफ लांब धरली की सीएमसीटी खोटाच लहान येतो. मोटर न्यूरॉन गेलेले असल्यामुळे एफ मिळतच नसेल तर मानेवर कॉइल ठेवून नर्व्हचं मूळ उत्तेजित करा, पण तिथे उत्तेजना मूळ मणक्यातून बाहेर पडतं त्या जागी होते. म्हणून हा सीएमसीटी एफच्या पद्धतीपेक्षा एखादा मिसे जास्त येतो. दोन पद्धतींचे आकडे एकत्र करू नका.

एमईपी आहे पण पसरट आणि बुटका आहे, तेव्हा ट्रिपल स्टिम्युलेशन करा. मॅजिस्ट्रिस आणि सहकाऱ्यांची १९९८ ची पद्धत. पहिला पल्स कॉर्टेक्सवर, मग मनगटावर, मग अर्ब बिंदूवर (गळ्याच्या हाडाच्या वर). पहिला विलंब = एमईपीची लेटन्सी वजा मनगटाच्या सीमॅपची (नर्व्हच्या शॉकला स्नायूचा प्रतिसाद) लेटन्सी. दुसरा विलंब = अर्बच्या सीमॅपची लेटन्सी वजा मनगटाच्या सीमॅपची. कॉर्टेक्सकडून उतरलेला आवेग मनगटाहून वर चढणाऱ्या आवेगाशी टक्कर घेऊन त्याला संपवतो, त्यामुळे त्या तंतूंचा रस्ता मोकळा होतो आणि अर्बचा शॉक फक्त त्याच तंतूंतून स्नायूपर्यंत पोहोचतो. कॉर्टेक्सच्या जागी अर्ब ठेवून कंट्रोल वक्र घ्या आणि प्रमाण काढा. निरोगी माणसात हे नव्वदीच्या वर असतं. एमईपी बुटका पण हे प्रमाण चांगलं, तर आवेग खाली पोहोचतायत, फक्त वेळा विस्कळीत आहेत. प्रमाणही खाली, तर न्यूरॉन गेलेत किंवा मार्ग अडलाय. अर्बचा शॉक त्रासदायक असतो, रुग्णाला आधी सांगा.

आणि एक. एसआयसीआय कमी होणं हे एएलएसची सही नाही. डिस्टोनियात, पार्किन्सन्समध्ये, स्ट्रोकनंतरही ते कमी सापडतं. त्याची किंमत कळते ती योग्य तुलनेत. केनेडीच्या आजारात खालचे मोटर न्यूरॉन झिजतात, हात एएलएससारखाच दिसू शकतो, पण एसआयसीआय शाबूत असतो. म्हणजे नुसत्या स्नायूच्या झिजेने इनहिबिशन जात नाही, हे दाखवायला असा रुग्णगट निरोगी गटापेक्षा जास्त कामाचा. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एएलएसच्या निदानाच्या गोल्ड कोस्ट निकषांतही वरच्या न्यूरॉनचा पुरावा तपासणीतल्या चिन्हांवरूनच ठरतो. झिजलेल्या स्नायूत रिफ्लेक्स बुडालेले असतात तेव्हा टीएमएसचा खरा उपयोग.

---

अक्षतंतू

खूप आभार, नॉच आणि सॅम्पलिंग लगेच बदलतो. तारेच्या वेढ्याची कल्पना आवडली. एक राहिलं: काही रुग्णांना आडवं झाल्यावर दम लागतो, मान धरवत नाही. कॉइल तासभर जागेवर ठेवणं अवघड जातंय. आणि ट्रॅकिंगबद्दल कुणी सांगेल का?

---

पाठलाग

ट्रॅकिंगबद्दल मी सांगतो.

नेहमीच्या पद्धतीत पल्स स्थिर असतो आणि एमईपीचा आकार बदलतो. ट्रॅकिंगमध्ये एमईपी स्थिर धरायचा, ०.२ मिलिव्होल्ट अधिक-उणे २० टक्के, म्हणजे ०.१६ ते ०.२४, आणि तेवढा मिळवायला टेस्ट पल्स किती लागतो ते मोजायचं. एकट्या टेस्टला ५० टक्के लागले आणि कंडिशनिंगसह ५७, तर इनहिबिशन = (५७ − ५०) ÷ ५० × १०० = १४ टक्के. कंडिशनिंग आरएमटीच्या ७० टक्के ठेवतात; इथे आरएमटी म्हणजे ०.२ मिलिव्होल्ट देणारी तीव्रता, ५० मायक्रोव्होल्टवाली नव्हे. १ ते ७ मिसे अंतरांची सरासरी ५.५ टक्क्यांच्या खाली गेली की एएलएसचा संशय बळावतो, असा एक कटऑफ वापरात आहे. तो ज्या कॉइलने आणि सेटअपने काढला, म्हणजे ९० मिमीची गोल कॉइल, तिच्याशी तो बांधलेला आहे. तुमच्या फिगर-ऑफ-एटवर तो आकडा जसाच्या तसा चिकटवू नका, स्वतःच्या निरोगी गटावरून मर्यादा काढा.

फायदा असा की एमईपीच्या आकाराची बेभरवशी चढउतार मधून निघते आणि झिजलेल्या हातातही ०.२ मिलिव्होल्ट बहुतेक वेळा गाठता येतात. तोटे मात्र आहेत. स्टिम्युलेटर १ टक्क्याच्या पायरीने हलतो. आरएमटी ४० असेल तर एक पायरी म्हणजे अडीच टक्के. कटऑफ ५.५, म्हणजे दोन पायऱ्यांचा खेळ. आरएमटी ८८ असलेल्या रुग्णात वर जायला जागाच नाही: त्याला २० टक्के इनहिबिशन असेल तर सुमारे १०६ लागतील, जे मशीन देणार नाही. तिथे 'मोजता आलं नाही' असं लिहायचं, १०० वर थांबून काढलेला आकडा लिहायचा नाही. आणि अंतरं १ पासून ७ पर्यंत ओळीने ट्रॅक केली तर थ्रेशोल्ड मधेच सरकला की ते सरकणं इनहिबिशन म्हणून मोजलं जातं. सगळी अंतरं समांतर, मिसळून ट्रॅक करा आणि एकट्या टेस्टचा थ्रेशोल्ड शेवटपर्यंत चालू ठेवा.

वर आय_वेव्हने लहान एमईपीबद्दल जे लिहिलंय ते इथेही लागू आहे, ०.२ हा लहानच. म्हणून दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असं नाही, आणि न जुळणं म्हणजे कुणीतरी चुकलं असंही नाही. वेळ असेल तर दोन्ही घ्या. ट्रॅकिंगसोबत सायलेंट पिरियड आणि एमईपी/एम-मॅक्स प्रमाणही घ्या: सुरुवातीच्या एएलएसमध्ये सायलेंट पिरियड आखूड, प्रमाण मोठं, आरएमटी कधीकधी कमी, पुढे आरएमटी वर जातो. चारही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर एका एसआयसीआयवर सगळा भार पडत नाही.

---

सपाट_बेसलाइन

मान आणि दम याबद्दल. आडवं झोपवूच नका. पाठ ४५ ते ६० अंशांत टेकलेली खुर्ची, मानेखाली यू आकाराची उशी, कपाळाला रुंद पट्टा, पण श्वासाची तक्रार असलेल्याला छातीवर काहीही बांधायचं नाही. तोंडात लाळ साठते. दर काही मिनिटांनी थांबा, सक्शन हाताशी असू द्या. गिळताना आणि खोकताना आलेले ट्रायल टाका. तासभर नको, मध्ये ब्रेक घेऊन दोन भाग करा आणि ब्रेकनंतर आरएमटी पुन्हा काढा.

हॉटस्पॉटसाठी (जिथे एमईपी सर्वांत सहज येतो ती जागा) डोक्याच्या मध्यबिंदूपासून बाजूला ५-६ सेंटिमीटरवरून सुरुवात, १ सेंटिमीटरच्या जाळीत फिरा, दांडा मागे आणि बाहेर ४५ अंशांत, म्हणजे मेंदूतला प्रवाह मागून पुढे. नॅव्हिगेशन असेल तर जागा ५ मिमीच्या आत आणि कोन ५ अंशांच्या आत ठेवा. नसेल तर घट्ट टोपीवर कॉइलची पूर्ण कड आखून घ्या. नुसता एक ठिपका पुरत नाही, कोन फिरला तर ठिपक्यावरून कळत नाही. आरएमटी जास्त असलेल्या रुग्णात कॉइल तापून मशीन मधेच थांबतं. दुसरी कॉइल लावणार असाल तर थ्रेशोल्ड पुन्हा, त्याच मॉडेलची असली तरी.

इअरप्लग दोघांनाही, रुग्णाला आणि कॉइल धरणाऱ्यालाही. कॉक्लिअर इम्प्लांट, पेसमेकर, डोक्यातल्या क्लिप, झटक्यांचा इतिहास हे प्रश्न लेखी, दर भेटीला. सिंगल आणि पेअर्ड पल्सने झटका येणं फार दुर्मिळ. चक्कर येऊन गळून जाणं जास्त दिसतं, त्यामुळे खुर्ची पटकन सपाट करता आली पाहिजे. आणि ज्याला आडवं झाल्यावर दम लागतो त्याचं तेव्हा काय करायचं, हे आधीच ठरवून ठेवा.

---

आय_वेव्ह

एमईपी नसलेल्या रुग्णांबद्दल एक सांगायचं राहिलं. त्यांना विश्लेषणातून गुपचूप वगळू नका. ज्यांचा कॉर्टेक्स सर्वांत जास्त बिघडलाय तेच गाळले जातात आणि उरलेल्या गटाचा सरासरी आरएमटी छान नॉर्मल दिसतो. त्यांची आरएमटी '१०० पेक्षा जास्त' अशी सेन्सॉर्ड किंमत म्हणून घ्या आणि त्यांची संख्या कोष्टकात वेगळ्या ओळीत द्या, एम-मॅक्ससकट. एसआयसीआयच्या स्तंभात त्यांच्यासमोर शून्य कधीही लिहू नका, तिथे 'लागू नाही' येतं. प्रमाणांचं विश्लेषण लॉग घेऊन करा, पटीत बघितलं तर ०.५ आणि २.० हे १ पासून सारख्याच अंतरावर आहेत, साध्या सरासरीत ते तसे वागत नाहीत.

शिडीचे आकडे आले की इथे टाका, निरोगी गटाचे आधी.